तिसऱ्या दारावरची मैत्रीण

"दुसरं अक्षर कुणाचं आहे ते सांग, नाहीतर उद्यापासून घरी बस!" मोठ्या बाईंनी मोबाईल टेबलावर आपटला. त्यात मुलींच्या संडासातल्या तिसऱ्या दाराचा फोटो होता. दार आतून लिहून गच्च भरलेलं.

समोर आठवीतली ती चष्मेवाली मुलगी रडून लाल झाली होती. "मला खरंच माहीत नाही, बाई."

"दोन महिने गप्पा मारतेस आणि माहीत नाही? कुणाला शेंडी लावतेस?"

मी फिनेल मागायला गेले होते, ती दारातच उभी राहिले. बावीस वर्षं या शाळेत वरच्या मजल्याचे संडास घासतेय. दारांवर काय काय वाचलं नाही मी! कोण कुणावर मरतं ते, गणिताच्या सरांचं शेपटीसकट चित्र. हसायचं आणि पुसायचं. पण एक दिवस तिसऱ्या दारावर पेन्सिलीने बारीक लिहिलेलं दिसलं, 'माझ्याशी वर्गात कुणीच बोलत नाही.' खाली कुणा भवानीने लिहिलं होतं, 'आंघोळ करत जा.' माझं डोकंच फिरलं. खालची ओळ घासून काढली, वरची ठेवली आणि पेनाने लिहिलं, 'मी बोलते.'

दुसऱ्या दिवशी प्रश्न आला, 'तू कितवीत?' मी लिहिलं, 'आठवीत.' माझी शाळा आठवीतच सुटली होती, तेवढ्यावर मनाची समजूत घातली. मग रोजचंच झालं. तिच्या आईचं दुखणं, एकटीने खाल्लेला डबा. मी लिहायचे, 'जाऊन बस की कुणाशेजारी, चावत नाहीत.' दारावरचं ते लिहिणं पुसायला माझा हात धजेना. चुकलं ते तिथेच.

"बाई, ते अक्षर माझं आहे."

मोठ्या बाई हसल्या. "मावशी, पोरीची दया येते, कळतं मला. पण काहीतरीच काय! तुम्हाला तर सहीपुरतंच लिहिता येतं."

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तरी टेबलावरचं पेन उचललं आणि कागदावर लिहिलं, 'मी बोलते.' बाईंनी फोटो शेजारी धरून दोनदा बघितला. मग मुलीला म्हणाल्या, "तू वर्गात जा. मावशी, तुम्ही उद्या लेखी खुलासा द्या."

पोर सुटली, याचाच मला केवढा आनंद! बाहेर आल्यावर तिच्या तोंडाकडे बघितलं, तेव्हा कुठे कळलं.

"तुम्ही?" ती म्हणाली. "मला वाटलं, वर्गातलीच कुणीतरी आहे. मी रोज बाकांवर एकेकीकडे बघायचे. ही असेल, ती असेल."

"चुकलं गं माझं," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि चष्मा पुसत वर्गात गेली. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ती जिना उतरून खालच्या मजल्यावरच्या संडासात जायला लागली. तिथली सफाई माझ्याकडे नाही.