लाइन नसताना फिरणारा पंखा

राधिका पेजेची वाटी घेऊन खोलीच्या दारात आली आणि तिची नजर आधी बटणांच्या बोर्डावर गेली. सगळी बटणं खाली दाबलेली होती आणि खोलीत उजेड नव्हता. खाटेवर चादर होती, सायली नव्हती. वर पंखा फिरत होता.

केनवडला मार्चच्या दुपारी लाइन जाते, त्यात नवल नाही. नवल पंख्याचं होतं. सकाळी राधिकाच्या नवऱ्यानं, सार्थकनं, रिसोडला माल घेऊन निघण्याआधी स्टुलावर चढून या खोलीतला पंखा इन्व्हर्टरला जोडला होता. टायफॉइडनं तापलेल्या पोरीला गरमी होऊ नये म्हणून. इन्व्हर्टर जुना, बॅटरी जेमतेम, म्हणून फक्त पंखा, ट्यूबलाइट नाही. सायली तेव्हा झोपेत होती. नंतर कुणी तिला ते सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नाही.

या घरात लाइन गेली की आधी पंखा मंदावतो आणि मग कुणीतरी ‘गेली’ म्हणतं. सायलीनं जन्मापासून तेच पाहिलं होतं. आज तिला जाग आली तेव्हा पंखा जोरात फिरत होता, आणि तिनं बटण दाबलं तर ट्यूब लागली नाही.

राधिका मोरीकडे गेली. तिथलं बटण खाली होतं. स्वयंपाकघराबाहेरचं खाली, ओसरीतलंही खाली. पोरगी एकेक बटण दाबत दाबत घराबाहेर गेली होती. राधिकानं वाटी ओसरीच्या कठड्यावर ठेवली. ती नीट ठेवली गेली नाही, पडली, आणि राधिका ती उचलायला थांबली नाही.

आजारपणात सायलीनं आईच्या मोबाइलवर ‘निळी झोप’ नावाचा कार्टूनचा सिनेमा पुन्हापुन्हा पाहिला होता. कार्टून असलं तरी लहान मुलांचं नव्हतं. एक यान दुसऱ्या सूर्याकडे निघालंय. पोचायला शेकडो वर्षं लागणार, म्हणून सगळे प्रवासी झोपवलेले, आणि त्यांना जाग येऊ नये म्हणून एक यंत्र त्यांना स्वप्नं दाखवत राहतं. त्या स्वप्नांत घर असतं, शाळा असते, सगळं अगदी खरं. इरा नावाची मुलगी एकदा बटण दाबते आणि उजेड बदलत नाही. तेव्हा तिला कळतं की आपण झोपेत आहोत. स्वप्नातून बाहेर पडायचा रस्ता एकच, साचलेलं पाणी. पाण्याच्या पलीकडे यान असतं. इरा पाण्याकडे निघाली की यंत्र तिला अडवायला कुणालातरी पाठवतं, आणि त्याला नेहमी तिच्या आईचा चेहरा देतं.

राधिका रिसोडच्या ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवायची. सिनेमा तिलाही आवडला होता. संथपणे फिरणारी ती निळी चक्रं, भारहीन केसांची हालचाल, सगळं नेमकं काढलं होतं. बटणाची गोष्ट आली तेव्हा ती म्हणालीही होती की हे काही अगदीच मनचं नाही, स्वप्नात दिवे लागत नाहीत असं सांगणारे लोक आहेत. सायलीनं ते लक्ष देऊन ऐकलं होतं.

घराच्या मागे कोथिंबिरीचे वाफे होते, त्यापुढे गोबी, आणि गोबीच्या पलीकडे शेततळं. मळ्यात साचलेलं पाणी तेवढंच.

गोजराबाई, राधिकाची सासू, वाफ्यात बसून निंदत होती. राधिकानं धावतच विचारलं, सायली दिसली का.

“आत्ताच गेली न इकडून,” गोजराबाई म्हणाली. “मी म्हनलं, कुठी चालली व? तं म्हने, उठाले. म्या म्हनलं, उठली तं आहेस माय, आनखी किती उठशीन?” ती हसली, आणि सुनेचा चेहरा पाहून हसायची थांबली.

शेततळ्याला तारेचं कुंपण होतं. मोटरचा पाइप आत जातो तिथं माणूस वाकून जाईल एवढी फट होती. सायली त्या फटीतून आत गेली होती आणि बांधावर उभी होती. पायात चप्पल नव्हती. तिच्या पायाशी तळ्याची काळी प्लास्टिकची पन्नी सुरू होत होती. ती उतारानं पाण्यात जायची आणि पाण्याखालून तशीच तळापर्यंत. तळ दोन पुरुष खोल. पाण्याजवळच्या पन्नीवर शेवाळ धरलेलं होतं. अशा तळ्यात पडलेला माणूस पाणी खोल असल्यामुळे बुडत नाही. काठ हातात येत नाही म्हणून बुडतो. सार्थक म्हणूनच काठावर गाठी मारलेला दोर बांधून ठेवायचा. तो दोर आज टमाट्याचे कॅरेट बांधायला गाडीवर गेला होता. राधिकानंच सकाळी तो सोडून दिला होता. सायलीला पोहता येत नव्हतं, राधिकालाही येत नव्हतं.

“तिथंच थांब,” सायली म्हणाली. “समोर येऊ नोको.”

आवाज शांत होता. रात्री तापात बरळायची तसा नव्हता, आणि राधिकाला त्याचीच जास्त भीती वाटली. ती कुंपणाशी थांबली. धावून जावं तर पोरगी दचकेल, आणि एक पाऊल मागं सरकली तरी पन्नी.

राधिकानं श्वास घेतला आणि सांगायला लागली. “सायली, नीट ऐक. तुझ्या खोलीतला पंखा बाबांनी आज सकाळी इन्व्हर्टरला जोडला आहे. ट्यूबलाइट जोडलेली नाही. त्यामुळे वीजपुरवठा खंडित झाला तरी पंखा फिरत राहतो. यात विचित्र असं काहीच नाही.”

सायलीनं मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं.

“माही आई वीजपुरवठा नाई म्हनत,” ती म्हणाली. “लाइन म्हनते.”

खरं होतं. राधिकाच्या दोन भाषा होत्या, एक घरची आणि एक वर्गातली. वर्गात मागच्या बाकावर कुणी तपासणीला येऊन बसलं की तिची वर्गातली भाषा आणखी कडक व्हायची, एकेक शब्द इस्त्री केल्यासारखा. घाबरली की ती अशीच बोलते, हे तिचं तिलाही आता कळत होतं.

“बरं, लाइन,” ती म्हणाली. “लाइन गेली व बाई. तुह्या बापानं पंखा बॅटरीले लावून देल्ला. माहं सांगाचं राह्यलं. चाल घरी, तुले दाखवतो.”

“पाह्य,” सायली म्हणाली. “म्या सांगतलं तं तू लगेच बदलली. ते असंच करते.”

 राधिका दरवर्षी पोरांना शिकवायची की जी कल्पना कुठल्याच पुराव्यानं खोटी पडत नाही तिच्यापासून सावध राहा. चुकीचं बोललं तर पुरावा, बरोबर बोललं तरी पुरावा. समोर उभी असलेली अशी कल्पना तिनं पहिल्यांदाच पाहिली, आणि तिचे पाय पन्नीपासून वीतभर अंतरावर होते.

तरी ती बोलत राहिली, कारण गप्प राहणं त्याहून कठीण होतं. चिमटा काढून पाहा, म्हणाली. सायली म्हणाली, इरानं काढला होता, दुखलंही होतं. आजीला बोलावू का, विचारलं. आजीही तिथलीच, सायली म्हणाली, आता वाफ्यात भेटली आणि हसत होती. डॉक्टरांचं नाव काढलं, तापाचा आकडा सांगितला, तापात असं वाटतं हे सांगितलं. सायलीनं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना तिच्या चेहऱ्यावर चीड नव्हती. आईची तिला कीवच येत असावी. उत्तर येणार हे माहीत असलेल्या माणसासारखी ती वाट पाहत होती आणि राधिका दर वेळी उत्तर देत होती.

मग सायली खाली बसली, आणि बसूनच एक पाय पन्नीवर ठेवला. दुसरा ठेवला. पन्नीचा वरचा भाग उन्हानं तापून कोरडा होता, त्यामुळे टाचा टेकल्या. ती हातभर खाली सरकून थांबली.

राधिका फटीतून आत शिरली. तारेत अडकून ब्लाउज फाटला ते तिला कळलं नाही. बांधावर ती बसली आणि सायलीपासून जरा बाजूनं पन्नीवर उतरू लागली. पोरीला वरून ओढायची तिची छाती होत नव्हती. झटापट झाली असती तर दोघी गेल्या असत्या. तिला खालच्या बाजूला जायचं होतं, पोरीच्या आणि पाण्याच्या मध्ये. यापलीकडे तिनं काही ठरवलं नव्हतं.

“तू कायले येऊन राह्यली?” सायलीनं विचारलं. पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. “तू कायले खाली येऊन राह्यली?”

राधिकानं तोंड उघडलं.  तिनं पोरीकडे पाहिलं, पोरीचे सुकलेले ओठ, कपाळाला चिकटलेले केस, आणि तिची टाच शेवाळावर गेली.

काही पकडायला नव्हतं. पन्नीवरून नखं घासत गेली, गारवा कमरेपर्यंत आला, मग गळ्यापर्यंत, मग डोक्यावरून. ती वर आली, दोन्ही तळवे उतारावर टेकले आणि अंग वर ओढलं. अर्धी वर आली आणि तशीच खाली घसरली. पुन्हा टेकले. साडी पायांभोवती गुंडाळली गेली होती. प्रत्येक खेपेला पन्नी ओली होत होती आणि आणखी गुळगुळीत. घर्षण शिकवताना ती वर्गात बर्फाचं उदाहरण द्यायची. तिच्या वर्गातल्या पोरांपैकी बर्फावर कुणीच चाललेलं नसायचं.

पाणी नाकात गेलं. ती खोकली, पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. वर पाहिलं तर सायली तशीच बसलेली, डोळे मोठे झालेले. “वर जा,” राधिका ओरडली, किंवा तिला वाटलं ती ओरडली. “मांगं सरक. वर जा.”

सायली मागं सरकली. हातांवर जोर देऊन, उलटी, एकेक वीत. बांधावर पोचली, उठली आणि दिसेनाशी झाली.

राधिकाला एकदम हलकं वाटलं. पोरगी पन्नीवरून वर गेली. आज व्हायचं ते एवढंच होतं आणि ते झालं. आता फक्त श्वास घ्यायचा होता, तोही जमेल तेवढा. तिचे हात जड झाले होते. ते पुन्हा उचलायची गरज आहे का, असा विचार तिच्या मनात अगदी सहज आला, आणि त्या सहजपणाचीच तिला धास्ती वाटली. तिनं हात उचलले.

कुंपणाजवळ काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. मग स्प्रिंकलरचा एक काळा पाइप तारेच्या फटीतून आत आला, थांबला, पुन्हा पुढं आला आणि उतारावरून सरकत तिच्या खांद्याशेजारी पाण्यात पडला. मागून सायलीचा आवाज, आता चिरका, “आजी व! आजी!”

राधिकानं पाइप धरला. ओढून पाहिला. तो आला नाही. पाइप एकमेकांना जोडायची जी कडी असते ती सायलीनं कुंपणाच्या लोखंडी खांबात अडकवली होती. राधिकानं पाइप काखेत घेतला, मग हातावर हात टाकत वर सरकू लागली. मध्ये एकदा गाल पन्नीवर टेकवून पडून राहिली. बांधाशी गोजराबाईचा मातीनं भरलेला हात आला आणि त्यानं तिला केसांपासून, खांद्यापासून, मिळेल तिथून धरून वर घेतलं.

नंतर बराच वेळ गोजराबाईच बोलत होती. दोर नेणाऱ्या मुलाला, कुंपणाला फट ठेवणाऱ्या आपल्या नवऱ्याला, मोबाइलला, त्या सिनेमा काढणाऱ्यांना, सगळ्यांना तिनं एकेक करून फैलावर घेतलं. मग ती सायलीची चप्पल शोधायला गोबीकडे गेली आणि तिथंही बोलत राहिली.

सायली पुन्हा आत येऊन कुंपणाला टेकून बसली होती. पाइप ओढताना तिच्या तळव्याला खरचटलं होतं. त्याच्याकडे ती निरखून पाहत होती. राधिका तिच्याशेजारी सरकली. विचारू नये हे तिला कळत होतं, तरी तिनं विचारलं.

“आता पटलं?”

सायलीनं विचार केला. “नाई,” ती म्हणाली.

 पाणी तिथंच होतं, फट तिथंच होती. राधिका पोरीच्या आणि पन्नीच्या मध्ये येऊन बसली.

“मंग पाइप कायले टाकला?”

सायलीनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात साधी गोष्ट न समजणाऱ्याकडे पाहतात.

“तू बुडून राह्यली होती न,” ती म्हणाली.

राधिकानं मान हलवली. सांगण्यासारखं बरंच होतं.  तिनं पोरीचं मनगट धरलं. ते कढत होतं आणि नाडी भरभर चालली होती. आज ते सोडायचं नाही, सार्थक आला तरी नाही, दवाखान्यातही नाही, हे तिनं ठरवलं. सायलीनं हात ओढून घेतला नाही. दोघी वाकून फटीतून बाहेर आल्या, आधी सायली, मनगट न सुटता, आणि मग राधिका. गोजराबाईनं मागं येऊन फटीत एक काटेरी फांदी कोंबली.

गोबीच्या मधल्या वाटेनं त्या चालू लागल्या. सायली मधूनच वळून आईचा चेहरा पाहत होती. ते पाहणं ओळख पटल्याचं नव्हतं. राधिका पुढं बघत राहिली.

वाटेत सायली थांबली.

“तुले थंडी वाजून राह्यली का?”

ऊन डोक्यावर होतं. राधिकाचे दात एकमेकांवर आपटत होते.

“हो,” ती म्हणाली.

“मंग लवकर चाल,” सायली म्हणाली, आणि आईला ओढत पुढं निघाली.