पडवीतला कॅमेरा

महेशच्या कानात हेडफोन होता आणि त्यातून परदेशातली एक बाई आपला प्रिंटर कॉम्प्युटरला सापडत नसल्याचं सांगत होती. महेश तिला मधूनमधून हुंकार देत होता, पण त्याचं लक्ष टेबलावरच्या मोबाइलकडे होतं. मोबाइलवर आईच्या घरची पडवी दिसायला हवी होती. तिथे नुसता काळा चौकोन होता आणि त्यावर एकच शब्द. ऑफलाइन.

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटमध्ये बसून लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर आणि वायफाय फोनवरून ठीक करून देणं, हेच त्याचं काम होतं. प्रिंटरवाल्या बाईला त्याने राउटर बंद करून चालू करायला सांगितलं, प्रिंटर सापडला, बाईने आभार मानले. त्याने हेडफोन काढून ठेवला आणि पुन्हा मोबाइल उघडला. ऑफलाइन.

त्याची आई, कुसाबाई, वणीच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याला एका गावात एकटी राहत होती. गेल्या हिवाळ्यात ती मोरीत घसरून पडली आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघेपर्यंत ती नाशिकला राहिली. निघालं त्याच आठवड्यात पिशवी भरून गावाकडे परतली. महेशने खूप समजावलं, चिडला, अबोला धरला. तिने ऐकलं नाही. मग गावात फायबर आल्याचं कळल्यावर त्याने घरात कनेक्शन घेतलं, उंदरांच्या भीतीने राउटर भिंतीवर उंच बसवला, आणि पडवीच्या कोपऱ्यात कॅमेरा लावला. त्यातून अंगण, ओटा आणि आतलं स्वयंपाकघराचं दारसुद्धा दिसायचं. शिवाय बोलताही यायचं. गावात डोंगराच्या आडोशामुळे मोबाइलला रेंज नव्हती, पण वायफाय आल्यापासून आईचा फोन घरातही लागू लागला होता.

तेव्हापासून तो दिवसातून कितीतरी वेळा पडवी बघायचा. जेवताना, सिग्नलला थांबल्यावर, मीटिंग चालू असताना. बायको निकिता एकदा म्हणाली होती, "तू त्यांची काळजी घेतोस की पहारा देतोस?" त्याला राग आला होता.

त्याने आईला फोन लावला. तिने लगेच उचलला.

"आई, बरी आहेस ना? कॅमेरा बंद दिसतोय."

"मी बरी हाय रं. मला काय झालंय?"

"लाइट गेलीय का?"

"नाय, लाइट हाय."

"मग राउटरवर, त्या भिंतीवरच्या डब्यावर, दिवे कसे आहेत बघ."

"हिरवे हायेत समदे."

राउटर चालू होता, फोनही लागत होता. म्हणजे नेट ठीक आहे, दोष कॅमेऱ्याकडेच. "आता कॅमेऱ्याची पिन बोर्डात नीट बसलीय का ते बघ. हलवून बघ जरा."

थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग आई म्हणाली, "बसलीय. हलवली."

"आणि त्याचा दिवा?"

"लागलाय की."

मागे कुणीतरी खुदकन हसल्यासारखं वाटलं. "कोण आहे गं?"

"टीव्ही चालू हाय. महेश, तू तुझं काम कर ना. असंल काही तरी, येईल आपोआप."

पण महेशला ते सोडवेना. पिन बसलेली, दिवा लागलेला, नेट चालू; मग कॅमेरा राउटरला जोडला का जात नाही? गिऱ्हाइकाशी बोलताना तो कधी घाई करत नसे. एक गोष्ट तपासायची, मग दुसरी. आज मात्र त्याचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. त्याने आईला खालच्या बोर्डावरचं राउटरचं बटण बंद करून चालू करायला लावलं. फोन तुटला, काही वेळाने पुन्हा लागला. कॅमेरा आला नाही. दुसऱ्यांदा करायला लावलं. नाही.

"आई, त्या डब्याच्या मागे बारीक भोक आहे. त्यात टाचणी घालून दाबून धरायची. मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

"माझा हात कुठं पोचतोय तिथवर?"

"स्टूल घे ना. सावकाश चढ."

ती काहीतरी पुटपुटली. स्टूल ओढल्याचा आवाज आला, बांगड्या वाजल्या. "हां, घातली टाचणी. दाबू?"

"दाब."

आणि तेवढ्यात फोनमधून भांडं आपटल्याचा मोठा आवाज आला. "आगं आई गं!" आई ओरडली. फोन बंद झाला.

महेशने परत लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच.

काय झालं ते त्याच्या लक्षात आलं. टाचणी दाबल्यावर राउटर पुसला गेला होता. कंपनीने भरून दिलेलं सगळं, वायफायचं नाव, पासवर्ड, काही उरलं नव्हतं. आईचा फोन त्याच वायफायवर चालत होता. तिच्यापर्यंत पोचायची एकच वाट होती आणि ती त्याने स्वतः तिच्याच हाताने बंद करवली होती. ऐकू आलेला शेवटचा शब्द ओरडण्याचा होता. मोडक्या मनगटाच्या बाईला त्याने स्टुलावर चढवलं होतं.

त्याने गावातल्या झुंबरदादाला फोन केला.

"मी पिंपळगावला आलोय रं, टमाटे घेऊन. घरात बी कोणी नाय. काय झालं?"

"आई पडली असेल. फोन लागत नाहीये."

"थांब, कोणाला तरी लावून बघतो. पण आपल्या आळीला रेंज कुठं हाय?"

महेशने सहकाऱ्याला दोन ओळींचा निरोप टाकला आणि किल्ली उचलली. जिन्यात निकिताला फोन केला. ती शाळेत होती.

"मी येऊ का?" तिने विचारलं.

"नको, तेवढा वेळ नाही."

"महेश, गाडी नीट चालव. फक्त आवाज ऐकलायस तू. बाकीचं तुझं मन जोडतंय."

त्याने हो म्हटलं आणि ऐकलं नाही.

शहर संपता संपत नव्हतं. पंचवटीत बस आडवी उभी होती. म्हसरूळच्या पुढे रस्ता मोकळा झाला, तर दिंडोरीजवळ द्राक्षाच्या क्रेटने भरलेला ट्रॅक्टर मधोमध चालला होता. महेशने हॉर्नवरचा हात काढला नाही. ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून हाताने शांत राहायची खूण केली. गाडी थांबली की तो मोबाइल उघडायचा. दिसणार काहीच नाही हे त्याला माहीत होतं, तरी उघडायचा. आई जमिनीवर पडलीय, टाचणी हातात आहे, डोकं उंबऱ्यावर आपटलंय, अशी चित्रं एकामागून एक येत होती आणि त्याला ती बंद करता येत नव्हती. मागच्या वेळी ती मोरीत बराच वेळ पडून होती. शेवटी शेजारची भागुबाई ताक मागायला आली म्हणून कळलं. आज भागुबाई येईल का?

गावात वळल्यावर त्याने गाडी रस्त्यातच सोडली आणि पळत सुटला. फाटक ढकललं. "आई!"

पडवीत पाच-सहा बाया पोळपाट घेऊन बसल्या होत्या. पदर खोचलेले, हात पिठाने भरलेले, उडदाच्या लाट्यांची परात मधोमध. कुणीतरी काहीतरी बोललेलं असावं, कारण सगळ्या हसत होत्या आणि सगळ्यांत मोठ्याने हसत होती ती कुसाबाई.

महेशला पाहिल्याबरोबर हसणं थांबलं. बायांनी भराभर पदर सारखे केले.

"तू कसा रं आलास?" आई उठत म्हणाली. "जेवला का?"

तो ओट्याची कडा धरून उभा राहिला. छातीचा भाता झाला होता. त्याने आईच्या डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मनगट पाहिलं.

"तू ओरडलीस. काहीतरी पडलं."

"परात पडली फळीवरची, पायावर येता येता राह्यली. मंग फोन बंद झाला तुझा. मी म्हटलं, लावशील परत."

महेशने कोपऱ्याकडे पाहिलं. खिळ्यावर कॅमेरा नव्हता. तो खाली कोनाड्यात होता, वायर गुंडाळलेली, वरून प्लास्टिकची पिशवी घालून गाठ मारलेली. नीट, जपून ठेवलेला.

"तू म्हणालीस पिन बसलीय." त्याचा आवाज चढला. "दिवा लागलाय म्हणालीस! मला तिथून हजार गोष्टी करायला लावल्यास. मी रस्त्यात मेलो असतो, आई."

बाया उठू लागल्या. एक म्हणाली, "येतो गं, कुसा. राह्यलेलं उद्या लाटू." बाकीच्या तिच्यामागे चपला शोधू लागल्या. कुसाबाई त्यांच्याकडे बघत उभी होती. तिचा चेहरा एकदम ओसाड झाला.

"बसा गं," ती म्हणाली. कोणी बसलं नाही. फक्त भागुबाई जागची हलली नाही. तिने हातातला पापड पुरा लाटला, कापडावर टाकला आणि महेशकडे मान वर केली.

"तिला बोलू नको, महेश. आम्हीच सांगितलं तिला. त्या डब्याचं तोंड बंद कर, तरच येतो."

"का पण, भागुमावशी? कॅमेरा तुमचं काय करतो?"

"करत नाय काही. बघतो. पहिल्यांदा मला बी वाटलं, बघंना. पण त्या दिवशी मी हिच्याजवळ माझ्या सुनेचं रडगाणं सांगत व्हते, पदर डोळ्याला लावून. आन वरून तुझा आवाज आला, मावशी, बरं आहे ना? माझ्या अंगावर काटा आला रे पोरा. तू चांगल्या मनानं विचारलं, मला कळतं. पण त्यानंतर या पडवीत माझं तोंड उघडंना. मी यायचंच सोडलं. या बी कोणी येईनात."

महेशला तो दिवस आठवला. त्याला वाटलं होतं, मावशीला बरं वाटेल.

"मला सांगायचं होतंस," तो आईला म्हणाला.

"कव्हा सांगू?" कुसाबाई खाली बसली. "तू फोन करतो अन् विचारतो, गोळी घेतली का, उन्हात का बसली, दुपारी आडवी का झाली नाही. मी काय सांगणार त्याच्यात? तुला समदं आधीच दिसलेलं असतं. पूर्वी तू फोन केला का मी तुला दिवसभराचं सांगायची. आता सांगायला काही ठेवलंच नाय तू."

"आणि तू पुन्हा पडलीस तर?"

"मागं पडले तव्हा मला कोणी उचललं?"

महेशने कोनाड्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"हिनं," कुसाबाईने भागुबाईकडे बोट केलं. "आन हीच येईना झाली."

वाळत टाकलेले पापड उन्हाने कडेला वळू लागले होते. मग भागुबाईने महेशच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला आणि लाटणं पुन्हा हातात घेतलं.

दुपार राउटरमध्ये गेली. महेश लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला, पण कंपनीने दिलेलं नाव आणि पासवर्ड टाकल्याशिवाय नेट सुरू होणार नव्हतं. त्यासाठी फोन करायला रेंज हवी होती, म्हणून तो विहिरीपलीकडच्या बांधावर जाऊन उभा राहिला. हेल्पलाइनवरच्या मुलीने त्याला शांतपणे राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. "अहो, मीपण हेच काम करतो," तो म्हणाला. "हो सर, पण आधी एकदा करून बघाल का?" तो चरफडत घरी आला, बंद-चालू केलं, परत बांधावर गेला. शेवटी पासवर्ड मिळाला. राउटर त्याने उंचावरून काढला आणि आईचा हात सहज पोचेल असा, फडताळाशेजारी लावला. हिरवे दिवे लागले. आईचा फोन वाजवून पाहिला.

कॅमेरा पिशवीसकट त्याने गाडीत टाकला. आई काही म्हणाली नाही. "रोज सकाळी चहाला येत जा मावशी," तो भागुबाईला म्हणाला.

"तू सांगून येणार व्हय मी?" ती म्हणाली. "हिच्या चहासाठी येणार."

घरी परतल्यावर त्याला मोकळं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. पुढचे कित्येक दिवस त्याचा हात आपोआप मोबाइलकडे जाई आणि तिथे बघण्यासारखं काही नसे. काम करता करता तो उठे, गॅलरीत जाऊन उभा राही, परत येई. निकिता बघायची, पण बोलायची नाही. तो आईला फोन करू लागला आणि आधी काय विचारायचं हेच त्याला सुचेना. पहिल्या दिवशी दोघंही नुसते "हं, मग?" म्हणत राहिले. हळूहळू आई बोलायला लागली. झुंबरदादाची म्हैस व्याली, भागुबाईची सून माहेराहून परत आली, कोणाच्या लग्नात कोण रुसलं.

एका सकाळी तिने फोन उचलला नाही. त्याने पुन्हा लावला. रिंग वाजत राहिली. झुंबरदादाला फोन लावावा म्हणून त्याने नाव काढलं, अंगठा त्यावर ठेवला, आणि तसाच थांबला. किल्ली समोर होती. त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. एका गिऱ्हाइकाचा फोन आला, तो घेतला, काय बोलला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

जेवणाच्या वेळी आईचा फोन आला.

"भागीसंगं वणीच्या बाजारात गेलते रं. फोन घरीच राह्यला."

कितीतरी प्रश्न त्याच्या ओठांवर आले. कशाने गेलीस, ऊन किती होतं, पाणी घेतलं होतंस का. ते त्याने गिळले.

"काय घेतलंस बाजारात?" त्याने विचारलं.

"ऐक तर," कुसाबाई म्हणाली, आणि पलीकडे ती ऐसपैस बसल्याचा आवाज आला.