पुस्तकातली मालन

अंबाबाईला साठीनंतर वाचता यायला लागलं आणि नेमके त्याच वर्षी नत्थूजींचे डोळे दुखायला लागले. दोन्ही गोष्टी एकदमच कशा झाल्या, हे काही तिच्या गळी उतरेना.

तीस वर्षं सौंसरच्या त्यांच्या अंगणात हिवाळ्याच्या दुपारी एकच रीत चालत आली होती. अंबाबाई सूप घेऊन बोंडांतला कापूस काढायला बसायची आणि नवरा खाटेवर बसून तिला वाचून दाखवायचा. पुस्तकही एकच. पांढुर्ण्याच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं, जाडजूड, पुठ्ठा गेलेलं. पण त्यातली मालन! सावरगावची पोर. नदीत पाय सोडून कच्ची संत्री मीठ लावून खाणारी, बसच्या कंडक्टरशी भांडणारी, सासऱ्यालाही न भिणारी आणि एकटी असली की गाणं म्हणणारी. तिच्या दुःखानं अंबाबाईनं किती पदर ओले केले, त्याला गणती नाही. पुस्तक संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं, आणि दर खेपेला कुठून तरी नवाच भाग निघायचा.

"हे मांगच्या बारीले नव्हतं," ती म्हणायची.

"पानं चिकटली होती," नत्थूजी म्हणायचे.

सून जयश्रीनं पाटीवर अक्षरं गिरवून घेतली. जोडाक्षरं जमल्यावर अंबाबाईनं पहिल्यांदा मागितलं ते हेच पुस्तक. नत्थूजींनी ते फडक्यात बांधलं, पेटीत टाकलं आणि कुलूप लावलं.

"डोये दुखून राहिले. आता वाचन बंद."

"मी वाचतो ना."

"फाटून जाईन ते."

पण पेपर मात्र ते रोज शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचत होते. अंबाबाईनं हे पाहून ठेवलं. चिठ्ठी असेल आत? फोटो असेल?

एके मंगळवारी ते डोळे दाखवायला सकाळच्या बसनं नागपूरला गेले. किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्यावर होती. अंबाबाईनं पेटी उघडली आणि ओळीखाली बोट धरून वाचायला बसली. चूल विझली, ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, तरी ती उठली नाही.

चिठ्ठी नव्हती. फोटो नव्हता. मालन होती, पण शहरातल्या बंगल्यात राहणारी, गुळमुळीत बोलणारी. अडतिसाव्या पानावर ती तापानं मेली. पुढची पानं अंबाबाईनं मधूनमधून उघडून पाहिली. सगळीकडे मालनच्या नवऱ्याचा कोर्टातला खटला. नदी नाही, संत्री नाहीत, कंडक्टर नाही.

मग सावरगावची ती कोण?

लग्नाआधी नत्थूजी दोन वर्षं पांढुर्ण्याच्या जिनिंगमध्ये कामाला होते. नदी ओलांडली की सावरगाव. अंबाबाईनं पानावरचं बोट उचललं. तीस वर्षं आपण जिच्यासाठी रडलो, ती आपलीच सवत तर नव्हे?

तिनं जयश्रीला सगळं सांगितलं. जयश्री हसत सुटली.

"आई, कंडक्टरशी भांडणारी बाई मी तं एकच पाहिली. मांगच्या महिन्यात, जामसांवलीच्या फाट्यावर."

"त्यानं बस पुढं नेऊन थांबवली होती!"

"अन् कच्ची संत्री मीठ लावून कोण खाते?"

अंबाबाईनं कोनाड्यातल्या मिठाच्या वाटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "गाणं? मी जल्मात गाणं म्हटलं नाई."

जयश्री चूल पेटवायला उठली.

चार वाजता नत्थूजी डोळ्यांत टाकायच्या औषधाची बाटली घेऊन आले. खाटेवर पुस्तक उघडं होतं. ते पाहून त्यांनी चपला काढायलाही उगाच वेळ लावला.

"वाचलं?"

"अडतिसाव्या पानावर मेली तुमची मालन."

"हाओ." ते खाटेच्या कडेला टेकले. "पहिल्या बारीले वाचलं तवा आपला पोरगा प्रवीण नुकताच झाला होता. तुले पंधरा दिवसांपासून ताप होता, तू उठून नव्हती राहिली. अन् मी तुले तापानं मेलेली बाई वाचून दाखवू? म्हणून जगवली तिले. मंग वाढवतच गेलो. समोर जे दिसे ते घालत गेलो."

"मंग सावरगावची कायले केली?"

"सौंसरची केली असती तं तू सोताले वयखलं असतं."

अंबाबाईला आतून बरं वाटलं. तोंडावर मात्र तिनं ते येऊ दिलं नाही.

"अन् गाणं?"

नत्थूजींनी औषधाची बाटली काढली, झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "गाणं... असंच. पुस्तकात गाणं लागते."

"या पुस्तकात तं एकबी नाई."

नत्थूजींनी पांढुर्ण्याच्या वाटेकडे नजर वळवली. अंबाबाईनं चष्मा लावला. सूप बाजूला सारून ती खाटेवर त्यांच्या शेजारी बसली. इतक्या वर्षांत वाचनाच्या वेळी ती खालीच बसत आली होती. तिनं पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"वाचा."

"आता काय वाचू? तुले सारं समजलं."

"हे नाई. आपली मालन वाचा. अन् गाण्यापाशी आले की थांबू नका. ते कोणतं होतं, पुरं म्हणून दाखवा."

नत्थूजींनी पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग डोळे बारीक करून पुस्तक जवळ धरलं.

"इथं पानं चिकटली वाटते."

अंबाबाईनं बोट जिभेला लावलं आणि पान सुटं करून दिलं.