अकराव्या रांगेपासून मागे

"हळू बोल. देवाला ऐकू येतं."

आईचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सात वर्षांची होते. धाकट्या भावाने माझी वही फाडली होती आणि मी घर डोक्यावर घेतलं होतं. आईने मारलं नाही. हात धरून देवापुढे बसवलं आणि आवाज चढवणार नाही, असं तीनदा वदवून घेतलं. तेव्हापासून रोज पहाटे अंघोळ झाली की मी माळ ओढते आणि शेवटी तेच व्रत त्या दिवसापुरतं नव्याने घेते. पंचेचाळीस वर्षं झाली, एकही दिवस चुकलेला नाही. यजमान म्हणतात, "आमच्या घरात दोन माणसं. त्यातल्या एकाचं बोलणं ऐकायला कान उसने आणावे लागतात." मी हसून सोडून देते. या व्रतापायी कोणाचं काही बिघडेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी विद्यापीठात इंग्रजी शिकवते. वाङ्मय नव्हे, भाषा. ज्या मुलांचं शिक्षण दुसऱ्या भाषेत झालं, त्यांची सुरुवातीला एक चाचणी होते आणि तिच्या गुणांवरून पहिली, दुसरी, तिसरी अशी पातळी ठरते. एका सत्रात एकच पातळी करता येते. माझ्याकडे या वर्षी पहिली आली.

पहिल्या पातळीचा मला कंटाळा नाही. कोऱ्या पाटीवर लिहायला मला आवडतं. पण या वर्षीचा वर्ग पहिल्या दिवसापासून हाताला लागेना. अठ्ठावीस जणांतले सतरा खरोखरच कोरे. उरलेले अकरा मात्र 'खिडकी उघडा, दार लावा' हा धडा मी घ्यायला लागले की चेहरा असा करत, जसा आपण तिसऱ्यांदा तेच गाऱ्हाणं ऐकताना करतो. नम्र, पण कुठेतरी दुसरीकडेच. सोपं घ्यावं तर अकरा जण जांभया देणार, अवघड घ्यावं तर सतरा जण माना खाली घालणार. रोज दोन तास मी दोन होड्यांवर पाय ठेवून उभी राहायची आणि घरी येऊन यजमानांच्या चहात साखर घालायला विसरायची.

त्या अकरांत एक बाई होत्या. वय चाळीसच्या पुढे, रुग्णालयात बारा वर्षं परिचर म्हणून काम केलेल्या, आता परिचारिकेचा अभ्यासक्रम करायला आलेल्या. सगळा वर्ग त्यांना मोठी ताई म्हणायचा. चौथ्या आठवड्यात मी पाहिलं, तर त्यांनी सत्रभराची सरावपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत सोडवून टाकली होती, तीही पेनाने.

"ताई, पुढचं करू नका. सगळ्यांबरोबर चला," मी म्हणाले.

"मॅडम, मग वर्गात काय करू?"

"ऐका."

त्यांनी मान हलवली. शेजारची पोरगी फिसकन हसली. मला राग आला होता, पण आवाज नेहमीसारखाच ठेवला आणि मनात स्वतःला शाबासकीही दिली. आज ती आठवली की मान खाली जाते.

सहाव्या आठवड्याच्या सोमवारी आमच्या शिक्षकांच्या खोलीत दुसऱ्या पातळीला शिकवणाऱ्या बाई डबा उघडता उघडता वैतागून म्हणाल्या, "माझ्याकडे एक महाशय आलेत. नाव विचारलं तर वय सांगतात. यांना दुसरी पातळी कोणी दिली? चाचणीत पहिल्याच रांगेत होते. मी पाहिलंय त्यांना, शेजाऱ्याच्या कागदात नाक खुपसून बसले होते."

"आणि माझ्याकडच्यांना पहिली कोणी दिली?" मी म्हणाले.

"काय?"

मी पुन्हा म्हणाले. या खोलीत मला सगळं दोनदा म्हणावं लागतं.

त्या दुपारी परीक्षा विभागात जाऊन मी माझ्या वर्गाच्या उत्तरपत्रिका मागितल्या. कारकूनबाईंनी गठ्ठा बैठक क्रमांकाप्रमाणे लावून दिला. मी वरून एकेक उचलत गेले. चाचणीचे दोन भाग, वीस-वीस गुणांचे. पहिला वाचनाचा, दुसरा श्रवणाचा. वरच्या सतरा जणांना दोन्हीकडे पाच, सहा, चार. खालच्या अकरांना वाचनात सतरा, सोळा, अठरा. आणि श्रवणात तीन, एक, शून्य, दोन, शून्य. मोठ्या ताईंना वाचनात एकोणीस होते. श्रवणात शून्य.

त्यांचे बैठक क्रमांक एकशे तीसच्या पुढचे होते. एका रांगेत तेरा बाकं. म्हणजे अकरावी रांग आणि तिच्या मागे.

मग मला तो दिवस आठवला. मोठं सभागृह, चौदा रांगा, वर गरगरणारे पंखे, बाहेर कसलंतरी खोदकाम. श्रवणाचा उतारा ध्वनिफितीवरून ऐकवायचा असतो, पण ऐन वेळी यंत्र बंद पडलं. नियमपुस्तिकेत लिहिलेलं आहे: यंत्र नसल्यास शिक्षकाने उतारा दोनदा वाचावा, तिसऱ्यांदा वाचू नये. मी वाचला. दोनदा. स्पष्ट उच्चारात, सावकाश, माझ्या आवाजात.

मी गठ्ठा तसाच मांडीवर घेऊन बसले. कारकूनबाईंनी विचारलं, "मॅडम, बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

मंगळवारी तास संपल्यावर मी मोठ्या ताईंना थांबवून घेतलं.

"चाचणीच्या दिवशी मी वाचलेलं तुम्हाला ऐकू आलं होतं का?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"तुमचे ओठ हलताना दिसत होते."

"मग हात का नाही वर केलात?"

त्यांनी फळ्याकडे पाहिलं, जणू चाचणीच्या दिवशीची सूचना तिथे लिहिलेली होती. "तुम्हीच लिहिलं होतंत, मॅडम. बोलेल त्याचा पेपर काढून घेतला जाईल." मग म्हणाल्या, "आणि खरं सांगू? मला वाटलं, हीच परीक्षा असेल. ज्याला इंग्रजी येतं त्याला एवढ्यावरून कळत असेल. आमच्या रांगेत सगळे एकमेकांकडे बघत होते. प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच येत नाही."

त्यांनीच पुढे सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात नव्हे, वेळापत्रक वाचून दाखवावं तसं. पुढच्या वर्षी वॉर्डात प्रत्यक्ष काम सुरू होतं. त्याआधी तिसरी पातळी पार हवी, नाहीतर नाव कमी होतं. वर्षात सत्रं दोनच. दुसऱ्या पातळीपासून सुरुवात झाली असती तर जमलं असतं. पहिलीपासून जमत नाही.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगून काय, मॅडम? शून्य माझंच होतं ना."

"तुमचं नव्हतं," मी म्हणाले. "पातळी बदलायच्या अर्जाची मुदत शुक्रवारी चारपर्यंत आहे. त्याआधी मी हे लेखी देते."

"मॅडम, माझ्यासाठी तुम्ही अडचणीत नका येऊ."

"शब्द देते," मी म्हणाले. शब्द द्यायची मला सवय नाही, कारण दिलेला पाळावा लागतो.

बुधवारी विभागप्रमुखांकडे गेले. ते संगणकाकडे बघत होते.

"सर, चाचणीत माझ्याकडून चूक झाली."

"काय म्हणालात?"

"चूक झाली. मागच्या चार रांगांना ऐकू गेलं नाही."

त्यांनी मान वळवली. मी सगळं सांगितलं, आकड्यांसकट. माझ्या वर्गात अकरा, आणि नंतर मागवून पाहिलेल्या पहिल्या पातळीच्या दुसऱ्या दोन वर्गांत मिळून वीस. त्यांनी खुर्ची मागे रेलली.

"बाई, मागच्या बाकावर कोण बसतं? ज्याला येत नाही तो. जगभर असंच आहे."

"बाकं त्यांनी निवडली नव्हती, सर. अर्ज आले त्या क्रमाने दिली होती. उशिरा आलेले मागे. मोठ्या ताईंना रुग्णालयाने परवानगीच शेवटच्या दिवशी दिली."

"कोण मोठ्या ताई?"

"विद्यार्थिनी."

"हे बघा, एकदा ठरलेल्या पातळ्या उकरून काढल्या की रांग लागेल माझ्या दारापुढे. ज्यांना खरंच येत असेल त्यांच्यासाठी एक सत्र म्हणजे उजळणी. उजळणीने कोणी मेलंय का?"

"सर, वर्ष जाईल एकीचं."

"काय?"

"वर्ष जाईल."

"थोडं मोठ्याने बोलत जा हो," ते वैतागून म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. "मग बरोबर आहे, नाही ऐकू गेलं त्यांना." मला हसू आलं नाही. मग आवाज मऊ करून ते म्हणाले, "निवृत्तीला तुमची सहाच वर्षं राहिली आहेत. इतकं स्वच्छ सेवापुस्तक आहे तुमचं. शेवटच्या पानांवर डाग कशाला? मी काही ऐकलं नाही, तुम्ही काही बोलला नाहीत. तुमच्या बाबतीत हे सहज पटण्यासारखं आहे."

मी बाहेर आले. जिन्यात मला असं ओरडावंसं वाटलं की काचा हलल्या असत्या. कठडा धरून मी उभी राहिले. पंचेचाळीस वर्षं मी हे पुण्य समजून गाठीला बांधत होते. आणि एकतीस माणसं त्या पुण्याच्या शेवटच्या चार रांगांत बसून एकमेकांची तोंडं बघत होती.

गुरुवारी पुन्हा परीक्षा विभागात गेले. खिडकीच्या काचेला बोलण्यासाठी एक गोल भोक आहे, मी त्याला तोंड लावलं.

"फेरचाचणी मागायची तर अर्ज कोणता?"

"प्रमुखांची सही लागते," कारकूनबाई म्हणाल्या.

"ते देणार नाहीत."

कारकूनबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग उठून कपाटाच्या वरच्या फळीवरून धुळीने माखलेला एक गठ्ठा काढला आणि फुंकर मारली. "हा आहे. कारण: शिक्षकाची चूक. याला प्रमुखांची सही लागत नाही, शिक्षकाचीच लागते. अठरा वर्षं मी इथे आहे, गठ्ठ्यातला एकही अर्ज गेलेला नाही. आमच्याकडे चुका फक्त यंत्रांच्या होतात."

"द्या एक."

"मॅडम, पाठीमागे वाचा. नुसता देऊन भागत नाही. शुक्रवारी दहाला समिती बसते, तिच्यापुढे उभं राहून तोंडी सांगायचं. पाच जण असतात. लांब टेबल आहे." त्यांनी वर पाहिलं. "आणि तिथला पंखा आमच्या इथल्यापेक्षा मोठा आहे."

अर्ज मी रात्रीच्या जेवणाआधी भरला. एकतीस बैठक क्रमांक लिहिले. फेरचाचणीत या सगळ्यांना पहिल्या तीन रांगांत बसवावं आणि उतारा दुसऱ्या कोणीतरी वाचावा, अशी विनंती लिहिली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: माझा आवाज शेवटच्या चार रांगांपर्यंत पोचला नाही, आणि पोचला का, हे मी विचारलं नाही. दुसरा भाग लिहायला पहिल्यापेक्षा वेळ लागला.

यजमानांनी चष्मा लावून वाचलं. "समिती मानेल?"

"माहीत नाही."

"नाही मानली तर?"

"तर माझ्या पुस्तकावर डाग, आणि ताईंचं वर्ष गेलं ते गेलंच."

"म्हणजे दोन्हीकडून नुकसान."

"हो."

त्यांनी चष्मा काढून घडी केली. मग म्हणाले, "अगं, बोल जरा. मी आतल्या खोलीत जातो. ऐकू आलं तर सांगतो."

ते खरंच आत गेले. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून अर्जातलं पहिलं वाक्य म्हटलं.

"नाही," आतून आवाज आला.

पुन्हा म्हटलं.

"पंखा लावलाय मी. नाही."

चौथ्या वेळी घसा खरवडला आणि ते म्हणाले, "आलं. पण शेवटचा शब्द खाल्लास."

शुक्रवारी पहाटे नेहमीसारखी अंघोळ केली, माळ ओढली. शेवटचा मणी बोटात आला आणि रोजचं वाक्य ओठांवर येऊन थांबलं. ते मी म्हटलं नाही. दुसरंही काही म्हटलं नाही. मोडलं म्हणावं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. देवापुढे तशीच थोडा वेळ बसले, आईचा विचार आला, आणि उठले.

यजमान अजून झोपले होते. अर्जाची घडी पिशवीत ठेवली, वाटेत चघळायला दोन लवंगा घेतल्या. दार ओढताना कडी वाजू नये म्हणून बोटाने धरली आणि जिना उतरायला लागले.