दुसरीचे लेकरू

“भट्टीवर गेला न जी तो,” गयाबाई म्हणाली. आवाजात कौतुक होते. भंडाऱ्याकडची शेती सोडून भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या कामगार-कॅम्पात आलेल्या घरातला तिचा भैयालाल, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी लोखंड वितळवणाऱ्या भट्टीवर लागला होता.

कारखान्यात हजेरी लिहिणारे टाइमकीपर श्यामराव दारात उभे होते. “काकू, तीन दिवस त्याची हजेरी नाही. कोणत्या भट्टीवर?”

नाल्यापलीकडेही एक भट्टी होती, मोहाच्या दारूची. पोराने खोटे सांगितले नव्हते. त्या एका शब्दात तिनेच आपल्याला हवा तो उजेड पाहिला होता.

भैयालाल एकटा नव्हता. कारखान्यात लागलेली कॅम्पातली सात-आठ पोरे त्या वाटेला गेली होती. रविवारी त्यांच्या आया लिंबाखाली जमल्या, श्यामरावही आले. रडून झाले, शिव्याशाप झाले. मग इथलीच, छत्तीसगढी मैनाबाई म्हणाली, “अपनी माय की कौन सुनता है? दूसरे की माय के आगे लड़का आँख नहीं उठाता.”

तेच ठरले. पाळी सुटल्याचा दुपारी दोनचा भोंगा झाला की प्रत्येकीने कारखान्याच्या गेटवर उभे राहायचे, पण दुसरीच्या पोरासाठी. त्याला घरी नेऊन जेवू घालायचे. आपल्या लेकराला हाक मारायची नाही. श्यामरावांनी साऱ्या पोरांना एकाच पाळीत घालून घेतले. गयाबाईच्या वाट्याला तुळसाबाईचा तेजराम आला, भैयालाल मैनाबाईच्या.

दोन महिने ती दहा पावलांवरून आपल्या मुलाला परक्या बाईमागे मान खाली घालून जाताना पाहत राहिली. तो सावरत होता. पण त्याची भूक आता दुसऱ्या चुलीला ठाऊक होती. घरी आला की म्हणे, “जेवून आलो.”

एका सकाळी कळले, मैनाबाईला ताप आहे. भैयालालसाठी तिच्या जागी दुसऱ्या बाईला सांगायला हवे होते. गयाबाईने कोणालाच सांगितले नाही. पातोड्यांची भाजी केली, त्याला आवडते तशी झणझणीत, आणि डबा घेऊन ती भोंग्याच्या आधीच गेटवर पोचली.

“भैया.”

गेटमधून बाहेर पडणारा तो थबकला. “तू कावून आली?”

मागून कोणीतरी हसले. “डबा घेऊन आली बे माय. आता घास भरवते पाह्य.”

भैयालालचा चेहरा दगडासारखा झाला. तो नाल्याच्या वाटेला वळला.

पुन्हा हाक मारली असती तर त्याने मागे वळूनही पाहिले नसते, हे तिला उमगले. ती चार पावले त्याच्यामागे गेली आणि हळूच म्हणाली, “मैनाबाईले ताप आहे. एकटीच आहे घरी.”

तो उभा राहिला. “कवापासून?”

“सकाळपासून.”

“मंग सांगतलं कावून नाही?” उत्तराची वाट न पाहता तो म्हणाला, “दाईनं काई खाल्लं का?”

दाई. छत्तीसगढी पोरे आपल्या आईला हाक मारतात तो शब्द. त्याच्या तोंडून तिने तो पहिल्यांदाच ऐकला.

तिने डबा पुढे केला. “तिले दे. तिखट झाली आहे, पेजेत कालवून चार.”

तो कॅम्पाकडे निघाला. रस्सा सांडू नये म्हणून डबा दोन्ही हातांनी धरून, सावकाश.

गेटमधून तेजराम बाहेर येत होता. गयाबाईने पदर सारखा केला आणि त्याला हाक मारली.