रंग ओला असतानाच टेप काढायची

बाबांची आणि माझी वाटणी ठरलेली होती. खोली झाकायची त्यांनी, भिंत रंगवायची मी. लोक भिंतीचं कौतुक करत आणि मी ते एकटीच घेत असे, जराही लाज न वाटता. सोफ्यावरचं प्लास्टिक, फरशीवरच्या जुन्या चादरी, स्विचबोर्डावरचे कागद यांचं कौतुक कोण करतं?

त्या दिवशी एका डॉक्टरीणबाईंच्या बैठकीच्या खोलीत पांढऱ्या भिंतीवर निळे उभे पट्टे काढायचे होते. वरून ओळंब्याची दोरी सोडून सरळ रेघ आखायची, रेघेवर टेप लावायची, तिची कड नखानं दाबायची आणि त्या कडेवरून जुन्याच पांढऱ्या रंगाचा पातळ थर द्यायचा, म्हणजे निळा टेपखालच्या फटीत शिरत नाही. यात बाबांचे दोन तास गेले.

"इतके लाड कधी माझे केले नाहीत," मी म्हणाले.

"तू कधी इतकी सरळ उभी राहिलीस?" ते म्हणाले. मग शेजारची खोली झाकायला जाता जाता त्यांनी बजावलं, "निळा ओला असतानाच टेप काढ. वाळला की सालपटं निघतात."

हे मला दहा वर्षं माहीत होतं. पट्टे रंगवून झाले आणि फोन वाजला. नवं गिऱ्हाईक, मोठं घर. गॅलरीत उभी राहून मी तासभर गोड गोड बोलत राहिले. परत आले तेव्हा रंग खडखडीत वाळला होता. तरी ओढली टेप. निळ्यासकट खालचा पांढराही निघाला, थेट पुट्टीपर्यंत.

"हे काय झालं?" दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांच्यामागे प्लास्टिकची गुंडाळी घेतलेले बाबा.

वरचा अख्खा मजला त्या मलाच रंगवायला देणार होत्या. "कडेचा पांढरा थर जाड बसला," मी म्हणाले. "वय झालंय बाबांचं. हात थरथरतो हल्ली."

चुकून तोंडातून निघून गेलं, असं म्हणायची सोय नाही. मी विचार करून बोलले होते.

बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "चुकलं माझं, बाई," म्हणाले, आणि खाली बसून भिंत घासायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते कामाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. आई म्हणाली, "आता पुरे म्हणतात." चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"बाबा, तुमची टेप अगदी नीट बसली होती. मी फोनवर बोलत राहिले. रंग वाळल्यावर काढली."

ते हसले. इतकं मायेनं हसले की मला स्वतःची किळस आली.

"तोंडानं फटकळ आहेस, पण मन मऊ आहे तुझं. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून आळ स्वतःवर घेतेस."

"अहो, खरं सांगतेय! खोटं त्या दिवशी बोलले!"

"ओरडू नकोस. मला कळतं."

आई चहाचं भांडं घेऊन आली. बाबांनी तिच्यापुढे कप धरला.

"अर्धाच भर. सांडतो माझ्या हातून."

कप जराही हलत नव्हता.