अबीटलच्या भिंतीवरचा डाग

हशब्या संदेष्टा होता. देवाने जे कानात सांगितलं ते चारचौघांत बोलायचं, मग कोणाला रुचो वा न रुचो. त्याचा थोरला भाऊ इम्मेर यरुशलेमेच्या मंदिरात याजक. वडील लवकर गेल्यामुळे शास्त्र त्याला इम्मेरनेच शिकवलेलं.

जैतुनाची फळं झोडून उतरवायचे दिवस होते तेव्हा अबीटल नावाची म्हातारी विधवा हशब्याला शोधत आली. तिचं दोन खोल्यांचं घर सेनापतीच्या द्राक्षमळ्याला खेटून होतं. भिंतीला हिरवट डाग पडून तो पसरत गेला, तर याजकाने घर अशुद्ध ठरवून पाडायचं, असा नियम. इम्मेर दोनदा पाहून गेला होता. घर पाडायचं ठरलं होतं.

“तूच येऊन बघ रे बाबा,” अबीटल म्हणाली. “माझे डोळे अजून सुईत दोरा ओवतात, पण मला मेला तो डागच सापडेना.”

हशब्याने एकेका दगडावरून हात फिरवला. सगळे खडखडीत कोरडे. चुलीच्या वर तेवढा धुराचा पट्टा होता, घरोघरी असतो तसा.

तो तडक मंदिरात गेला. इम्मेर हात धूत होता.

“दादा, डाग कुठं आहे?”

“चुलीच्या वर. बघितलास की.”

“तो धूर आहे. धूर कोणता नि डाग कोणता, हे तूच मला शिकवलंस.”

इम्मेरने हात पुसले. “अजून शेंबडाच राहिलास. मंदिराचं छप्पर गळतंय. सेनापती देवदाराच्या तुळया देतोय. त्याला मळा वाढवायचाय. एक म्हातारी काय, कुठंही राहील.”

“देवाचं नाव घेऊन खोटं बोललास तू!”

“हळू बोल. लोक ऐकतायत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हशब्या मंदिराच्या दारात उभा राहिला. भावाला नाव घेऊन शाप द्यायचा, असं ठरवूनच तो आला होता. माणसं जमली. “आज भावाभावांची जुंपणार,” कोणीतरी खुशीत म्हणालं.

इम्मेर पायऱ्या उतरत आला, उजवा पाय जरा ओढत. लहानपणी अंजिराच्या झाडावर अडकलेल्या हशब्याला उतरवताना तो पडला होता, तेव्हापासूनचं ते लंगडणं. हशब्याच्या तोंडून शाप फुटेना. त्याने आपला अंगरखा छातीपाशी फाडला, डोक्यावर माती घेतली आणि मेलेल्या माणसासाठी फोडतात तसा टाहो फोडला, “हाय, माझ्या भावा! हाय!”

“अहो, गेलं कोण?” एका बाईने घाबरून विचारलं.

“आमचा दादा. चांगला याजक होता हो. धूर नि डाग ओळखायचा.”

कोणी हसलं नाही. इम्मेरचा चेहरा पांढरा पडला. मग त्याने पहारेकऱ्यांना खूण केली आणि त्यांनी हशब्याला फरफटत बाहेर काढलं. मंदिराचं दार त्याला कायमचं बंद झालं. दुपारपर्यंत अबीटलचं घरही पाडलं गेलं.

तिचं जातं आणि मडकी हशब्याने स्वतः वाहून आपल्या घरी आणली. ती तिथेच राहिली. भिंती दाखवायला लोक हळूहळू दुसऱ्या याजकाकडे जाऊ लागले, पण त्याने हशब्याला बरं वाटलं नाही. बाजारात इम्मेर दिसला, तोंड फिरवून गेला, की त्या दिवशी त्याला जेवण जात नसे.

“इतका जीव जळतो, तर चार शिव्या तरी हासड त्याला,” अबीटल म्हणायची.

“शिव्या येत नाहीत, माई. रडूच येतं.”

ती मसुरीचं कालवण पुढे सरकवायची आणि तो खाईपर्यंत समोरून उठायची नाही.